पिन काढलेली बंदूक

बंदूक मेलेली आहे की जिवंत, हे मी बघितलं नाही. ती उडाल्यावर कादर मिस्त्री मेले की जिवंत, हेही बघितलं नाही. दोन्ही वेळा नुसत्या अंदाजावर ठरवून टाकलं आणि दोन्ही वेळा चुकलो. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला आहे आणि त्यातला बराचसा चारचौघांत हसत सांगितलाही आहे. पण एकाच सकाळी दोनदा, तोही खंडेनवमीच्या दिवशी, आईच्या डोळ्यांदेखत, असा योग पुन्हा आला नाही.

आज लातूरला माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या दोन जीप उभ्या आहेत. बैठकीत काचेच्या कपाटात चार जुन्या बंदुका आहेत. चारही रीतसर निकामी केलेल्या, नळीत पोलादी गज झाळलेल्या, आणि प्रत्येकीचा कागद शेजारी फ्रेम करून लावलेला. आयुष्यभर कचेरीत फायली इकडच्या तिकडे केल्या आणि रविवारी ही हौस केली. पाहुणे आले की कपाटापासून दोन हात लांब उभे राहून विचारतात, "आता हिच्यापासून काही धोका नाही ना?" मी उत्तर द्यायच्या आत बायको स्वयंपाकघरातून म्हणते, "त्यांनाच नीट विचारा, त्यांना अनुभव आहे." मग ही गोष्ट सांगावी लागते. दरवेळी सांगताना मी स्वतःला थोडा शहाणा करत आलो. इथे मात्र जशी झाली तशी लिहितो.

आम्ही तेव्हा नांदेडला राहायचो. माझे वडील, अण्णा, शाळेत भूमिती शिकवायचे आणि घरातही काटकोनातच चालायचे. त्यांचा आवाज कधी चढला नाही. रागावले की जास्त शुद्ध बोलायचे, एवढंच. आईचं उलट. सकाळी स्टोला पिन मारता मारता ती देवीची आरती म्हणायची आणि स्टो पेटला नाही की आरतीच्याच चालीवर त्याला शिव्या द्यायची. भाकरी थापल्याचा आवाज, स्टोची घरघर, पलीकडून मालगाडीची शिट्टी, आणि या सगळ्यात अण्णांचं एकच वाक्य: "मधुकर, आज किती वाजता उठलास?" मी कॉलेजच्या पहिल्याच वर्षात दुसऱ्यांदा नापास झालो होतो. त्यामुळे अंबाडीच्या भाजीत लसूण जास्त पडला तरी विषय शेवटी माझ्यावरच यायचा.

माझं सगळं लक्ष देगलूर नाक्यावरच्या कादर मिस्त्रींच्या गॅरेजात होतं. मिस्त्री बुटके, रुंद, पांढऱ्या दाढीत कायम एक काळा ग्रीसचा पट्टा. इंजिनाला कान लावून ते डॉक्टरासारखे डोळे मिटायचे. त्यांच्याकडे दुपारी घरून तहारीचा, मसाल्याच्या भाताचा डबा यायचा. पहिला घास ते मला भरवायचे आणि म्हणायचे, "खा, मग हात धू. आधी हात धुतलास तर मिस्त्रीच्या घरचा स्वाद लागत न्हाई." मला आयुष्यात दुसरं काहीही व्हायचं नव्हतं. त्यांच्या हाताखालचा पोऱ्या व्हायचं होतं आणि मग एक दिवस दाढीत ग्रीसचा पट्टा असलेला मिस्त्री.

मुखेडच्या पुढे एका शेतात आम्हांला ती जीप सापडली. मिस्त्री तिथे पाण्याचं इंजिन दुरुस्त करायला गेले होते, मी हत्यारांची पेटी उचलायला. कडब्याच्या गंजीला टेकून काहीतरी उभं होतं आणि त्यातून कोंबड्या उतरत होत्या. समोरची जाळी बघितली, नऊ उभ्या फटींची, आणि मिस्त्री पुटपुटले, "या अल्ला, ही तर लढाईतली." शेतमालक हणमंतराव म्हणून जुने फौजी होते. त्यांना गाडी नको होती, चालू इंजिन हवं होतं. मिस्त्रींनी त्यांना गॅरेजातलं एक इंजिन नवं केल्यासारखं करून दिलं आणि आम्ही जीप ट्रॅक्टरला बांधून नांदेडला आणली. वाटेत कंधारजवळ मागच्या सीटखालून एक कोंबडी निघाली. ती आम्ही परत केली नाही, हेही इथे कबूल करून टाकतो.

निघताना हणमंतरावांनी घरातून एक बंदूक आणली. थ्री नॉट थ्री, लाकडाला भेगा, लोखंड चॉकलेटी झालेलं. "ही बी न्या. काचंच्या खालच्या क्लिपात बसती ही. त्याबिगर गाडी बोडकी दिसंल."

मिस्त्रींनी हात मागे घेतले. "आत गोळी बिळी?"

"आवो मिस्त्री, हिची पिन मी सवताच्या हातानं काढून हिरीत टाकल्याय. गोळी सारायचा बोल्ट तर गंजून असा बसलाय की कवाधरनं उघडंना. गोळी असली काय आन नसली काय, पिनेबिगर उडती का? ही आता बंदूक न्हाई, काठी हाय. कुत्री हाकला."

"बोल्ट उघडत न्हाई म्हणता. मंग आत काय हाय ते कुणी बघितलं?"

हणमंतराव हसले, मीही हसलो. पिन नाही म्हणजे ठोका नाही, ठोका नाही म्हणजे गोळी नाही. हा युक्तिवाद मला अण्णांच्या फळ्यावरच्या सिद्धतेइतका पक्का वाटला. मिस्त्री म्हणाले, "पहिलं ठाण्यात दावून ये. त्यांनी जमा करून घेतली तर घेऊ दे. मंगच पुढं." घरी अण्णांनीही तेच सांगितलं, फक्त शुद्ध भाषेत. मी ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलो. आत एक हवालदार कडुनिंबाच्या काडीनं दात घासत होता, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी परत फिरलो. घरी सांगितलं, "दाखवली. ठेवा म्हणाले." इतकं सहज खोटं मी कॉलेजच्या हजेरीबद्दलही बोललो नव्हतो.

गाडीवर आम्ही वर्षभर राबलो. रंगाचे थर खरवडता खरवडता निळा गेला, पिवळा गेला, मग आर्मीचा हिरवा आला आणि बोनेटवर एक पांढरा तारा उगवला. त्या दिवशी मिस्त्रींनी सगळ्या गल्लीला चहा पाजला. रेडिएटरनं मात्र शेवटपर्यंत छळलं. कितीदा धुतला तरी आतून गंजाचं तांबडं पाणी येतच राहायचं. आणि गंजलेले नट! त्यांच्यावर मी पान्हा घेऊन उड्या मारायचो. मिस्त्री मागून यायचे, हातातला पान्हा काढून घ्यायचे. "जंग लागेल नटाशी कुस्ती नको खेळू बाबा. गरम कर, तेल पाज, आन गुमान बस. तो सवताच सोडतो." गॅसची ज्योत, तेल आणि सबुरी. हा एकच धडा मी त्यांच्याकडून पूर्ण शिकलो होतो आणि त्याच धड्यानं घात केला.

त्या गाडीवर माझं सगळं टांगलेलं होतं. एका रविवारी जेवताना अण्णांनी ताटावरची नजर न काढता निकाल दिला होता. "दसऱ्यापर्यंत ती गाडी स्वतःच्या चाकांवर लातूरला, कमलमावशीच्या दारात उभी राहिली, तर कॉलेज सोड आणि मिस्त्रींच्या हाताखाली जा. मी अडवणार नाही. नाही राहिली, तर कचेरीतल्या जागेसाठी अर्ज करायचा आणि त्यावर चर्चा करायची नाही." आई म्हणाली, "अहो, पण..." अण्णा म्हणाले, "चर्चा नाही."

खंडेनवमी आली. गॅरेजातल्या यच्चयावत हत्यारांना त्या दिवशी आंघोळ. पान्हे, हातोड्या, जॅक, कथलाचा डाग द्यायची कावी, सगळं घासून सतरंजीवर मांडलं होतं. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा आमचा नेम, आणि मिस्त्री तो माझ्या आईपेक्षा कडक पाळायचे. गिऱ्हाइकं बहुतेक आमच्यासारखीच हिंदू, त्यामुळे नवी गाडी बाहेर पडताना चाकाखाली लिंबू ठेवायचं कामही वर्षानुवर्षं त्यांच्याचकडे होतं. "गाडी तुमची, देव तुमचा, निंबू माझं," म्हणायचे. आई पूजेचं ताट घेऊन दहाला येणार होती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गाडी लातूरला निघणार होती.

मला हौस सुटली. पूजेच्या वेळी बंदूक क्लिपातून काढायची आणि सगळ्यांसमोर बोल्ट खटकन मागे ओढून दाखवायचा. पण बोल्ट तर गंजलेला. आणि पूजा झाली की गॅसला हात लावता येणार नाही. मी बंदूक टेबलावरच्या वाइसच्या जबड्यात आवळली. नळीचं तोंड गाडीकडे होतं. टेबल तसंच बसवलेलं होतं, मी काही ते फिरवलं नाही. वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवला, गॅस पेटवला, आणि मिस्त्रींच्याच शिकवणीप्रमाणे गरम करायला लागलो.

मिस्त्री जीपसमोर उभे राहून जाळीला झेंडूचा हार बांधत होते. पाठ माझ्याकडे. इंजिन त्यांनी नुकतंच फिरवून बंद केलं होतं. मला विचारलं, "काय करून राहिलास रे?" मी म्हणालो, "कायी न्हाई चाचा, जरा साफ करून राहिलो." बोल्टच्या पुढचं लोखंड आधी काळं पडलं, मग सुरेख निळं. दारात रिक्षा थांबली. आईच्या बांगड्या वाजल्या. मिस्त्री म्हणाले, "ताई आल्या. निंबू ऱ्हायलं की," आणि लिंबू चाकाखाली सरकवायला वाकले.

आवाज झाला असं म्हणणं बरोबर नाही. आवाज गेला. शेजारचा पत्रे ठोकणारा, रस्त्यावरचे ट्रक, बांगड्या, सगळं एका झटक्यात पुसलं गेलं आणि त्या जागी एक बारीक शिट्टी सुरू झाली. धूर. झेंडूच्या पाकळ्या हवेत, अगदी सावकाश खाली येत होत्या. मला वाटलं टायर फुटला. मग दिसलं की जाळीच्या दोन फटींमध्ये एक तिसरी, गोल फट पडली आहे, तिच्यातून वाफ येते आहे आणि तांबडं पाणी उसळून खाली पडतं आहे. खाली मिस्त्री पालथे पडले होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, मानेवर, दाढीवर लाल. लाल ओघळ फरशीवरून रांगोळीत शिरला. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ते हलत नव्हते.

रेडिएटरचं पाणी तांबडं असतं, हे त्या गॅरेजात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? वर्षभर माझेच हात त्यात बुडलेले होते. पण त्या क्षणी मला ते आठवलं नाही. डोक्यात एकच गोष्ट होती: पिन नव्हती. पिन नव्हती, मग उडाली कशी? गोळीला ठोका लागतो तशी आचही पुरते, हे मला फार नंतर, एका निवृत्त फौजीनं चहा पिता पिता समजावून सांगितलं.

आई आत धावली आणि मी बाहेर. दारात तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. तिनं ताट नीट खाली ठेवलं होतं, निरांजनही विझू दिलं नव्हतं. तिला वाटलं मी डॉक्टरला आणायला पळतो आहे. तिचे ओठ हलले, ती बहुधा "लवकर" म्हणाली. मी लवकरच गेलो. स्टँडवर जी पहिली गाडी सुटत होती तिच्यात चढलो. ती लातूरची होती, हे कंडक्टरचे ओठ तीनदा बघितल्यावर कळलं. त्यानं माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं आणि कानाशी येऊन ओरडला, "पावणं, काय झाळायचंय? गाडी तर चालू हाय!" काळा चष्मा कपाळावरच होता. गाडीभर लोक हसले. मला त्यांची तोंडं दिसली, हसू ऐकू आलं नाही. लोह्याला शेजारच्या म्हातारीनं भाजलेल्या शेंगा पुढे केल्या. मी एक शेंग घेतली आणि अहमदपूरपर्यंत तशीच मुठीत धरून बसलो.

कमलमावशी, आईची थोरली बहीण, गंज गोलाईच्या मागे राहायची. दार उघडून तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सणाच्या तोंडावर एकटाच? आणि हे काय सोंग?" एव्हाना एका कानानं थोडं ऐकू यायला लागलं होतं.

"मावशी, मी माणूस मारला."

"आधी जेव," ती म्हणाली. तिला वाटलं असेल, नेहमीचंच काहीतरी. पुढ्यात येसराची आमटी आणि भाकरी आली. आमटीचा तो तांबडा रंग बघितला आणि मी ताट सारून परसात ओकायला गेलो. तेव्हा ती मागे आली. "कोण?"

"कादर मिस्त्री."

मावशी जोत्यावर बसली. मग म्हणाली, "त्यांच्या घरी कोण कोण आहे?" मी सांगितलं, त्यांची बायको, आमची खाला आहे, दोन मुली आहेत. "उद्या पहिल्या गाडीनं जायचं. मी येते बरोबर. आधी त्या बाईपुढं उभं राहायचं आणि तिथनं ठाण्यात. समजलं?" मी मान हलवली. त्या सबंध प्रकरणात कुणीतरी काहीतरी ठरवलं असेल, तर ते मावशीनं. मी फक्त मान हलवली.

सकाळी आंघोळ करून कपडे घालत होतो आणि रस्त्यावरून आवाज आला. इंजिनाचा. तिसऱ्या सिलिंडरला खोकला आल्यासारखा, मध्येच एक ठोका गिळणारा. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. ती गाडी जगात दोघांच्याच हातानं चालू व्हायची. एक मी, आणि दुसरे मेलेले होते.

खिडकीच्या फटीतून बघितलं. बोनेटवर पांढरा तारा, जाळीला चुरगळलेला हार, आणि स्टीअरिंगमागे कादर मिस्त्री. मानेला पट्टी, दाढीत ग्रीस. शेजारी अण्णा ताठ बसलेले, मागे आई. मी काय केलं असेल? धावत गेलो असेल, पाय धरले असतील? मी दाराला आतून कडी लावली. आणि ती कडी धरून उभा राहिलो. मावशीनं माझा हात ओढून बाजूला केला. "मेलेला माणूस आपल्या पायांनी दारात आलाय आणि तू कडी लावतोस?"

मग सगळं तुकड्यातुकड्यानं कळलं. मिस्त्रींना गोळी लागलीच नव्हती. लिंबासाठी वाकले तेव्हा ती पाठीवरून गेली, जाळी आणि रेडिएटर भेदून इंजिनाच्या लोखंडावर आपटून चपटी झाली. मानेवर गरम पाण्यानं भाजलं होतं आणि आवाजानं ते घटकाभर तसेच पडून राहिले होते. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं ते "मध्या कुठाय?" स्टँडवरच्या पानवाल्यानं सांगितलं, कपाळावर काळा चष्मा घातलेलं पोरगं लातूरच्या गाडीत चढलं. लातुरात आमचं एकच घर. एस्टीची वाट बघायला मिस्त्री तयार नव्हते. पण रेडिएटर फुटलेला, आणि हत्यारांना हळदकुंकू लागलेलं. त्या गोंधळातही शेजारच्यांनी पूजा उरकली होती. मिस्त्री हत्यारांना हात लावेनात. तेव्हा आईनं स्वतः सतरंजीवरची डागाची कावी उचलून त्यांच्या हातात दिली. "देवीचं मी बघते. तुम्ही गाडी करा." फुटलेल्या नळ्या दोन्हीकडून दाबून त्यांनी डाग दिला आणि आईनं वरून मूठभर हळद पाण्यात टाकली. बारीक गळती हळदीनं बसते. एवढ्या अवधीत अण्णा बंदूक ठाण्यात जमा करून आले. ती तिथे आधी कुणी दाखवलीच नव्हती, हे त्यांना तिथेच कळलं.

ते मला एवढंच म्हणाले, "ठाण्यात दाखवली होती, असं आपण म्हणाला होतात." अण्णा मला पहिल्यांदाच 'आपण' म्हणाले होते. एक थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं.

मावशीनं आपट्याची पानं आणली. मी मिस्त्रींसमोर गेलो, हातात सोनं, डोळे जमिनीवर. ते पानं घेईनात आणि नाकारीनातही. आई मागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. दोन्ही कान आता साफ उघडले होते.

अण्णांनी घसा साफ केला. "मिस्त्री, गाडी स्वतःच्या चाकांवर लातूरला आली. कमलच्या दारात उभी आहे. आजच दसरा आहे. मी शब्द दिला होता, तो मोडणार नाही." पुढचं वाक्य त्यांना जड गेलं असणार. "ह्याला हाताखाली ठेवून घेता का?"

इतकं सगळं होऊन तो शब्द अजून शिल्लक असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्यांनी माझ्या हातातली पानं घेतली, सदऱ्याच्या खिशात नीट ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"गोळी उडली, ते माफ. मला भी वाटलं नव्हतं. मला मेलेला समजून पळालास, ते भी माफ. पोरगं हायस, भ्यालास." हात डोक्यावरून निघाला. "पण गॅस चालू ठिवून पळालास. ज्योत तशीच फरफरत व्हती, बाजूला टाकी, मी खाली पडेल, आन तुझी आई त्यातनं धावत आली. कॉक बंद केला तुझ्या आईनं." मग अण्णांकडे वळून म्हणाले, "न्हाई गुर्जी, ह्याला कचेरीतच घाला. तिथं काय उडत न्हाई."